सहा ते आठची बॅच

परवा हापिसात एक काम अंगावर आलं. आमच्या टीमला दोन फ्रेशर हवे होते आणि एचआरने रेझ्युमेंची एक भलीमोठी शीट पाठवली. "जरा चाळून ठेव," मॅनेजर म्हणाला. म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ गेली, हे तुम्हाला सांगायला नकोच. कॉफी घेतली, हेडफोन लावले आणि बसलो.

शीटमध्ये एक रकाना होता : 'फुल टाईम - हो / नाही'. ज्यांच्यापुढे 'नाही', त्या ओळी आधीच करड्या रंगात रंगवलेल्या. म्हणजे वाचायच्याच नाहीत. पण माणसाचा स्वभाव! जे वाचू नका म्हणतात ते आधी वाचतो. करड्या ओळींमध्ये एक पोरगा सापडला. आपल्या नागपूरचाच. दिवसा औषधांच्या दुकानात बिलिंगला बसतो, संध्याकाळचे वर्ग करून कंप्युटरचा डिप्लोमा केलेला. आणि त्याने दुकानासाठी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या औषधाची कुठली बॅच एक्स्पायर होणार आणि ती कुठल्या डिस्ट्रिब्युटरला परत पाठवायची याची यादी रोज सकाळी तो काढून देतो. कोड उघडून पाहिला. फार ग्रेट नव्हता, पण चालत होता आणि कुणीतरी तो रोज वापरत होतं. माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल यातलं एकही वाक्य मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही :-)

घरी जेवताना बाबांना सांगितलं. बाबा बँकेतून रिटायर झालेत. ते वरणात पोळी कुस्करत शांतपणे म्हणाले, "अबे, मग मी तरी कुठं फुल टाईम शिकलो? आमची तर सहा ते आठची बॅच होती."

शनिवार-रविवार मग याच्यातच गेला. बाबांची जुनी फाईल काढली, त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं, थोडं इकडचं तिकडचं वाचलं. त्यातून हा लेख. मोठा झालाय, चहा घेऊन बसा.

*

सुरुवात लंडनपासून करतो. घाबरू नका, लगेच सीताबर्डीला परत येऊ.

इंजिनिअरिंगला कंप्युटर ऑर्गनायझेशन नावाचा विषय ज्यांनी केला, त्यांना बूथचा अल्गोरिदम आठवत असेलच. चिन्ह असलेल्या दोन बायनरी संख्यांचा गुणाकार कसा करायचा त्याची रीत. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. हा बूथ म्हणजे अँड्र्यू बूथ. त्याने ही रीत १९५० च्या सुमारास काढली. हाताने चालवायच्या गणनयंत्रावर बेरीज करण्यापेक्षा आकडे सरकवणं जलद व्हायचं, त्या निरीक्षणातून ती सुचली असं सांगतात. हा बूथ नोकरी कुठे करत होता? बर्कबेक कॉलेजात. आणि बर्कबेक हे काय प्रकरण आहे? तर १८२३ साली लंडनच्या कारागिरांसाठी निघालेली संस्था. दिवसभर काम करणाऱ्या माणसांनी संध्याकाळी येऊन शिकावं म्हणून. पुढे ते लंडन विद्यापीठाचं कॉलेज झालं, तरी संध्याकाळचं शिक्षण ही त्याची ओळख राहिली. बूथची बायको कॅथलीन बूथ त्याच कॉलेजातली. असेम्ब्ली लँग्वेज जगात सगळ्यात आधी लिहिणाऱ्यांत तिचं नाव घेतात. १९५७ साली त्या कॉलेजात गणनयंत्रांचा स्वतंत्र विभागसुद्धा सुरू झाला. जगात असे विभाग तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

म्हणजे बघा, दिवसा चार वर्षं फुल टाईम कॉलेजात बसून आपण जे घोकलं, ते एका संध्याकाळच्या कॉलेजातून आलं होतं. हे मला कुठल्याही मास्तरांनी सांगितलं नाही.

आणखी एक गंमत. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून अशी सोय केली की तुम्ही कुठेही शिका, कुणाकडेही शिका, परीक्षा मात्र विद्यापीठ घेणार. म्हणजे शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे तर ही परंपरा काही उसनी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. त्यानंतर ९१ वर्षांनी, १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, त्याचे वर्ग सकाळी भरायचे. कारण विद्यार्थी पुढे दिवसभर नोकरीला जाणार होते. वेळ सकाळची की रात्रीची, हा मुद्दा नाही. मुद्दा हा की ज्याला दिवस विकून पोट भरायचं आहे, त्याला शिकण्यासाठी दिवसाच्या दोन्ही टोकांचे उरलेले तुकडेच मिळतात.

*

आता नागपूर.

नागपूर हे कारकुनांचं शहर आहे, असं कुणी म्हटलं की आपल्याला राग येतो. पण ते खरंही आहे. हे शहर १९५६ पर्यंत राजधानी होतं. राजधानी गेली, पण कचेऱ्या सगळ्या गेल्या नाहीत. हायकोर्टाचं खंडपीठ, महालेखापालांचं कार्यालय, रिझर्व्ह बँक, रेल्वेचे दोन-दोन विभाग, १९७५ नंतर वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय. शिवाय बँका आणि विमा कंपन्या. सिव्हिल लाईन्सपासून सदरपर्यंत संध्याकाळी पाच-साडेपाचला जी सायकल-लुनांची लाट निघायची, ती या फायलींच्या जगातून बाहेर पडायची.

या जगात शिरायचं दार म्हणजे टायपिंग. आमच्या आधीच्या पिढीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी टायपिंग इन्स्टिट्यूटला गेलेलं आहे. बारावीची परीक्षा संपली की सुट्टीत पाठवायचेच. एका खोलीत दहा-बारा मशीन, बहुतेक गोदरेज किंवा रेमिंग्टन, एकेका तासाची बॅच, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, इंग्रजी ४०. हे आकडे म्हणजे मिनिटाला शब्द. लग्नाच्या बायोडेटातही ते लिहिलेले मी पाहिलेत!

पण यातली खरी गोम वेगळीच आहे. इन्स्टिट्यूट गल्लीतली असायची, शिकवणारे काका कधी स्वतःच मॅट्रिक असायचे, पण परीक्षा सरकारची असायची. काकांना तुम्हाला पास करता येत नसे. त्यामुळे महालच्या बोळातल्या इन्स्टिट्यूटमधून ४० पास झालेली मुलगी आणि मुंबईच्या नामांकित इन्स्टिट्यूटमधून ४० पास झालेली मुलगी यांच्यात भरती करणाऱ्याला फरक करता येत नव्हता. करायची गरजही नव्हती. शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. लंडनवाल्यांनी १८५८ मध्ये जे केलं, तेच.

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ साली त्याचं उत्पादन बंद केलं. या दोन सालांच्या मधोमध कुठेतरी, टायपिंगच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर, एसी लावलेली एक काचेची खोली आली. बाहेर पाटी : 'चपला बाहेर काढा'.

*

ती खोली यायला उशीर का लागला, तेही थोडं सांगायला हवं.

आयबीएमने १९७८ साली भारतातून गाशा गुंडाळला. परकीय कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा असा कायदा होता आणि त्यांना तो मान्य नव्हता. त्यांची मशीन सांभाळायला सरकारची सीएमसी ही कंपनी होती. पण साध्या माणसाच्या नजरेला कंप्युटर पडतच नव्हता. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवं कंप्युटर धोरण आणलं, आयात सोपी झाली, आणि मग पीसी दिसू लागले. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचं आरक्षण कंप्युटरवर सुरू झालं. रांगेतल्या माणसाला कंप्युटर म्हणजे काय ते पहिल्यांदा तिथे कळलं.

बँकांमधला मामला जास्त नाजूक होता. कंप्युटर आला की नोकऱ्या जाणार, ही भीती युनियनला होती आणि ती हवेतली नव्हती. १९६० च्या दशकात एलआयसीच्या कंप्युटरविरुद्ध कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला होता. शेवटी १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटनांमध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८७ साली आणखी एक. शाखांमध्ये जी मशीन आली त्यांना कंप्युटर म्हणायचंच नाही, असा एकूण कारभार होता. त्यांचं नाव 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन', म्हणजे एएलपीएम. बाबा अजूनही ते एका श्वासात म्हणतात : एएलपीएम. ती चालवणाऱ्याला पगाराव्यतिरिक्त स्पेशल अलाऊन्स.

बाबा बँकेत १९८६ ला लागले. क्लार्क. शाखेत ते मशीन आलं तेव्हा त्यावर बसायला सीनियर मंडळींपैकी कुणी तयार होईना. काहींना युनियनची भीड, काहींना मशीनची भीती, आणि काहींचं सरळ म्हणणं, "आपलं लेजर आपल्या हातात असलेलं बरं बापा." बाबांना मात्र उत्सुकता होती. अलाऊन्सचीही होती, ते नाकारत नाहीत. "घरभाडं निघत होतं त्याच्यातून, मग?"

*

तर १९८९ साली बाबा धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये जाऊ लागले. बंगल्याचा वरचा मजला. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. बॅचमध्ये कोण? एक एजी ऑफिसमधला, दोन वीज मंडळातले, एक कोळसा कंपनीतला, एक शिक्षिका, आणि तीन-चार बीकॉमची पोट्टी. बँकेतून निघायला साडेपाच, मग लुना, मग एक चहा, आणि चपला बाहेर.

शिकवायचे काय? डॉस, वर्डस्टार, लोटस १-२-३, डीबेस थ्री प्लस, आणि 'प्रोग्रामिंग' म्हणून बेसिक आणि कोबॉल. मशीन होती चार आणि माणसं सोळा. त्यामुळे आठवड्यात चार दिवस फळ्यावर आणि दोन दिवस मशीनवर. मशीनवर म्हणजे एका कीबोर्डवर दोघं-तिघं. त्यामुळे प्रोग्राम आधी वहीत लिहून न्यायचा. बाबांची ती वही माझ्यासमोर आहे. रेघांची वही, त्यात कोबॉलचे चारही डिव्हिजन सुवाच्य अक्षरात. कोबॉलमध्ये कुठला शब्द कितव्या कॉलमात सुरू व्हायचा याला फार महत्त्व, म्हणून बाबांनी पट्टीने उभ्या रेघा आखल्यात. समासात पेन्सिलीने व्हेरिएबलच्या किमती : एन बरोबर १, एन बरोबर २, एन बरोबर ३... म्हणजे मशीन जे करणार ते स्वतःच्या हाताने कागदावर करून पाहायचं. मशीनवर मिळणारी २० मिनिटं चुका शोधण्यात घालवायची नाहीत म्हणून.

मी खरं सांगतो, हे बघून मला जरा लाज वाटली. मी दिवसातून ५० वेळा रन दाबतो. एरर आली की ती न वाचताच कॉपी करून सर्चमध्ये टाकतो, आणि आताशा तर एआयलाच विचारतो. माझ्या डोक्यात लूप फिरतो की नाही, याची मला खात्री नाही. बाबांच्या डोक्यात तो फिरत होता, कारण फिरवायला दुसरी जागाच नव्हती.

पण उगाच जुनं ते सोनं असला गहिवर नको. कारण पुढची गोष्ट अशी की १९९० च्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी बाबा पोचले तर जिन्याला कुलूप. क्लासचे मालक मशीनसकट गायब. वर्षाची फी आधीच भरलेली. हप्ते पाडून मिळत होते, पण एकरकमी दिली तर सवलत होती, म्हणून बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून दिली होती. ज्यांचा कोर्स पूर्ण झाला होता त्यांच्या हातात रंगीत सर्टिफिकेट होतं, त्यावर सोनेरी शिक्का वगैरे. बँकेत ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "हे कोण आहेत? यांना ओळखतं कोण?" साहेबांचा प्रश्न चूक नव्हता. ज्याने शिकवलं त्यानेच परीक्षा घेतली, त्यानेच पास केलं, आणि आता तो जागेवर नाही. त्या कागदामागे उभं राहायला कुणीच नाही.

*

हे फक्त नागपुरात होत होतं असं नाही. एनआयआयटी १९८१ ला सुरू झाली होती, अॅप्टेक १९८६ ला. त्यांचं मोठं जाळं होतं, अभ्यासक्रम ठरलेले होते. पण त्यांच्या जोडीने गावोगाव असंख्य छोटे क्लास उगवले, आणि कुणाचा कागद किती खरा हे समजायला काही मार्गच नव्हता. कॉलेजांमध्ये जागा थोड्या, उद्योगाला माणसं हवीत, आणि मधली जागा या क्लासांनी भरलेली.

यावर सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि कंप्युटर सोसायटी ऑफ इंडियाने मिळून १९९० साली एक तोडगा काढला. त्याचं नाव डोएक. आजच्या पोरांना हे नाव माहीत नसेल, कारण २०११ साली त्याचं नाव बदलून नायलिट झालं. कल्पना साधी होती. चार पायऱ्या : ओ, ए, बी आणि सी लेव्हल. ओ म्हणजे पाया, ए म्हणजे अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, बी म्हणजे एमसीएच्या तोडीचं, सी म्हणजे एमटेकच्या. शिकवणार खाजगी क्लासच, पण त्यांना मान्यता घ्यावी लागेल. आणि परीक्षा? ती देशभर एकच, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत. क्लासवाल्याचा त्यात हात नाही.

ओळखलंत ना? हे आपलं टायपिंगचंच मॉडेल! शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा.

बाबांनी १९९२ ला ओ लेव्हलचा फॉर्म भरला. पहिल्या खेपेला दोन पेपर उडाले. दुसऱ्या खेपेला एक. माझी ताई तेव्हा तान्ही होती, आई शाळेत शिकवायची, घरात आजीचं दुखणं. १९९४ ला सगळे पेपर निघाले. हे सर्टिफिकेट बघायला अगदीच साधं आहे, सोनेरी शिक्का वगैरे काही नाही. पण ते दाखवल्यावर "यांना ओळखतं कोण" असं कुणी म्हणालं नाही.

याच सुमारास बाकीही दारं उघडत होती. मुंबईला एनसीएसटीमध्ये सॉफ्टवेअरचा पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून, पार्ट टाईम करता यायचा. तिची सीएसटी नावाची परीक्षा तर कुणीही देऊ शकत होतं, आणि ती अवघड म्हणून प्रसिद्ध होती. पिलानीच्या बिट्सने १९७९ पासूनच नोकरदारांसाठी वेगळे कार्यक्रम सुरू केले होते. १९९५ पासून विप्रोने बीएस्सीची मुलं घेऊन, आठवडाभर काम आणि सुट्टीच्या दिवशी वर्ग अशा पद्धतीने त्यांना बिट्सची एमएस करू दिली. इग्नूचे बीसीए, एमसीए आले, त्यांच्या अभ्यासकेंद्रांवर शनिवार-रविवारी वर्ग. आपल्या नागपूर विद्यापीठाचे बीसीसीए, पीजीडीसीसीए आणि एमसीएम ही आद्याक्षरं तर विदर्भाबाहेर कुणाला सांगितली की समोरचा दोनदा विचारतो. कॉमर्सच्या पोरांना कंप्युटरकडे आणणारा तो आपला खास रस्ता.

*

मग आलं १९९९. वायटूके. तारखेत सालाचे दोनच आकडे ठेवल्याने जगभरचे जुने प्रोग्राम अडणार होते, आणि ते प्रोग्राम होते कोबॉलमध्ये. जी भाषा 'मेली' म्हणून क्लासवाले अभ्यासक्रमातून काढत होते तिच्या बॅचेस पुन्हा सुरू झाल्या. झाशी राणी चौकापासून शंकरनगरपर्यंत कंप्युटर क्लासच्या पाट्याच पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर अमेरिका. बाबांना दोघा-तिघांनी सांगितलं, "तुम्हाला कोबॉल येते ना, चला ना मग!" बाबा गेले नाहीत. "दोन पोरं, म्हातारी आई, आणि बँकेची पेन्शन सोडून कुठं जाऊ बे?" २०००-०१ मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला आणि यातल्या बऱ्याच पाट्या उतरल्या. ज्यांनी कर्ज काढून फी भरली होती त्यांचे हप्ते मात्र चालूच.

त्याच वेळी सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली. देशभरात लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. सगळेच काही कंप्युटरमुळे गेले नाहीत, पण बाबांच्या शाखेतून जे गेले त्यात एक समान धागा होता, असं ते म्हणतात. नवीन स्क्रीनसमोर रोज विशीतल्या पोराला "हे कसं करायचं रे?" असं विचारणं त्यांना नको झालं होतं. "माणसं हुशार होती. माझ्यापेक्षा हुशार. माझ्याकडे फक्त दहा वर्षं आधीची सवय होती."

या वाक्यावर मी बराच वेळ अडकलो. सहा ते आठच्या बॅचने बाबांना प्रोग्रामर बनवलं नाही. त्यांनी आयुष्यात पगारासाठी एक ओळ कोड लिहिला नाही. पण एका मोठ्या वळणावर ते गाडीबाहेर फेकले गेले नाहीत. याची किंमत कुठल्या रकान्यात मांडायची?

मग २००१ साली एमकेसीएल ही कंपनी निघाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी. हे तर तुमच्यापैकी निम्म्यांनी केलं असेल, दहावीच्या सुट्टीत. पण त्या बॅचमध्ये तुमच्या शेजारी कोण बसलं होतं आठवतं का? तलाठी, ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचे गुरुजी. राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना ही परीक्षा सक्तीची केली होती. २००७ अखेरची मुदत होती, नाहीतर पगारवाढ थांबणार. त्यामुळे पंचेचाळिशीतली माणसं संध्याकाळी सातला माऊस धरायला शिकत होती. आई त्यातलीच. ती सांगते, माऊस टेबलाच्या काठापर्यंत गेला की पुढे काय करायचं हेच कळत नव्हतं. तो उचलून परत मागे ठेवायचा असतो, हे तिला एका आठवीतल्या पोराने शिकवलं, जो दुसऱ्या दिवशी शाळेत तिचाच विद्यार्थी होता!

इथेही पुन्हा तेच बघा. केंद्रं गल्लोगल्ली, खाजगी, पण परीक्षा आणि प्रमाणपत्र राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचं.

*

तुम्ही म्हणाल, भाऊ, तू फारच एकतर्फी सांगून राहिला. 'फुल टाईम'चा रकाना उगाच आला का?

उगाच नाही आला. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून परवानगी नसताना पत्राद्वारे, म्हणजे दूरस्थ पद्धतीने, इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. कोर्ट म्हणालं, अशा पदव्या चालणार नाहीत. २००१ ते २००५ च्या विद्यार्थ्यांना एक परीक्षा देऊन पदवी टिकवायची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या रद्द. यातले कितीतरी जण सरकारी खात्यांत ज्युनिअर इंजिनिअर होते. दिवसा साईटवर काम, रात्री अभ्यास, मग पदवी, मग बढती. आणि १२-१५ वर्षांनी कळलं की तो कागदच खोटा. कोर्टाचा मुद्दा बरोबर होता. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता इंजिनिअर कसा होणार? पण ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्याने विद्यापीठाच्या परवानग्या तपासायच्या होत्या का? धरमपेठेतल्या जिन्याला लागलेलं कुलूप आणि हे कुलूप, दोन्ही मला एकाच कारखान्यातली वाटतात. विकणाराच शिक्का मारतो, आणि शिक्का खोटा निघाला की भुर्दंड घेणाऱ्याला.

म्हणून मला वाटतं, आपण रकाना चुकीचा लावलाय. वर्ग सकाळी भरला की संध्याकाळी, यावरून माणसाला काय येतं ते कळत नाही. कळतं ते यावरून, की त्याला कुणी तपासलं, आणि तपासणाऱ्याला त्याच्या फीमधून काही मिळत होतं का. हा प्रश्न लावायचा तर मग सगळ्यांनाच लावा. माझं कॉलेज फुल टाईम होतं. तिथे प्रॅक्टिकलच्या फायली आम्ही सीनियरच्या फायलीवरून उतरवल्या आणि इंटर्नल मार्क सगळ्यांना जवळपास सारखेच पडले. माझी ओळ मात्र शीटमध्ये पांढरी.

सरकारलाही हे हळूहळू पटत असावं. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी बीटेक आणि डिप्लोमाचे वर्ग सोयीच्या वेळेत, संध्याकाळीसुद्धा, घ्यायला कॉलेजांना परवानगी दिली आहे. तेच कॉलेज, तीच प्रयोगशाळा, तीच परीक्षा, फक्त घड्याळ वेगळं. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाईन पदवीतही शिकायचं घरी, पण परीक्षा केंद्रावर जाऊन, निरीक्षकासमोर. म्हणजे १८५८ चीच युक्ती. ही मुलं दोन-तीन वर्षांत आपल्यासारख्यांच्या शीटमध्ये येतील. तेव्हा त्यांच्या ओळी कुठल्या रंगात असतील?

*

असो. लांबलं.

सोमवारी मी एचआरला मेल टाकली. त्या पोराला निदान टेस्ट देऊ द्या, टेस्ट आपलीच आहे, आपणच तपासणार आहोत, मग अडचण काय? उत्तर आलं : "पॉलिसी आहे." मग मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "तू स्वतःच्या नावाने रेफर कर, बघू." केलं. आज शनिवार, टेस्ट पुढच्या गुरुवारी आहे. तो पोरगा पास होईल की नाही, मला माहीत नाही. झाला नाही तर नाही. पण नापास व्हायचं तर पेपर देऊन व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

फोनवर त्याला टेस्टची वेळ सांगितली. सकाळी अकरा. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "सर, सकाळी दुकान असते. संध्याकाळी नाही होऊ शकणार का?"

विचारतो म्हणालो.